अनंताचं पाणी बंद

लोकांना वाटतं झाडं तहानेने मरतात. गावी मरत असतील. मुंबईच्या फ्लॅटमध्ये झाड मरतं ते पाणी पिऊन. हे मी सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही मीच विष घातलं कुंडीत.

मी नारायण घाडी. परळच्या एका नर्सरीत आधी माळी होतो, मग मुकादम झालो, आणि निवृत्त झाल्यापासून घरोघर जाऊन आजारी झाडं बघतो. लालबागला आमच्या बिल्डिंगीत मला ‘झाडांचा डॉक्टर’ म्हणतात. त्यात अर्धी थट्टा असते, ते मला कळतं. बायको म्हणते, ‘‘डॉक्टर कसला, पोस्टमार्टमवाला!’’ तिचंही खोटं नाही. झाड पार आडवं होईपर्यंत लोक फोन करत नाहीत. आधी नेटवर बघतात, मग शेजारीण सांगते ते करतात, मग चहाचा चोथा घालतात, आणि सगळं करून झालं की म्हणतात, घाडींना बोलवा.

वरळीच्या एका ऑफिसात पांढऱ्या फुलांचं एक लिलीचं झाड होतं, रिसेप्शनपाशी. आठवड्यातून एकदा पाणी घालायचं असं मी बजावून आलो होतो. महिन्याभरात झाड कुजलं. मी चौकीदारापासून साहेबापर्यंत सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. शेवटी एक दिवस संध्याकाळी तिथेच सोफ्यावर बसून राहिलो. सहा वाजले, लोक घरी निघाले, आणि जो येईल तो आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी जाता जाता कुंडीत ओतून जाई. अहो, तीसेक माणसं! एकाने तर लिंबू सरबत ओतलं. मी उठून त्याचा हातच धरला. तो मलाच म्हणाला, ‘‘अंकल, वेस्ट नको जायला.’’

दादरला एका घरात चार माणसं आणि एक जास्वंद. आजोबा सूर्याला पाणी देताना कुंडीत देत, सूनबाई डाळ-तांदळाचं धुवण घाली, मुलगा ऑफिसातून आला की घाली, आणि कामाच्या बाई फरशी पुसायच्या आधी घालीत. प्रत्येकाची पक्की समजूत, की या घरात आपल्याशिवाय कुणाला त्या झाडाची पडलेली नाही. चौघांना समोरासमोर बसवून विचारलं, तेव्हा तिथे भांडण लागलं ते वेगळंच.

तेव्हापासून मी एक नियम केला. घरात शिरल्यावर झाडाला हात लावायच्या आधी विचारायचं, ‘‘पाणी कोण घालतं?’’ आणि जो घालतो त्याच्याशी बोलल्याशिवाय कुंडीला हात लावायचा नाही. हा नियम मी एकदाच मोडला. त्याला आता दोन वर्षं होतील.

करी रोडला जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चोविसाव्या मजल्यावर सावंतांचं घर. त्यांची सून मानसी, बँकेत नोकरीला. तिने फोन केला. ‘‘काका, अनंताचं झाड आहे. पानं पिवळी पडलीत, कळ्या गळतात, आणि घरभर चिलटं झालीत. वासही येतो.’’

मी म्हटलं, ‘‘कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेलं असतं का?’’

‘‘नेहमीच.’’

मला तिथेच कळलं. तरी गेलो.

अनंत म्हणजे मोठं मानी झाड. फूल दिलं तर घर भरून टाकतं वासाने, आणि बिनसलं तर आठवड्यात होत्याचं नव्हतं. हा होता हॉलच्या खिडकीत, मोठ्या सिमेंटच्या कुंडीत. पानं मलूल, माना टाकलेली, टोकाला दोन काळवंडलेल्या कळ्या. बोट खुपसलं तर चिखलातून पुळुक आवाज आला.

इथे जरा धंद्यातलं सांगतो, कारण लोकांची चूक इथेच होते. पाणी जास्त झालं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि तहानेने सुकतं. वरून बघणाऱ्याला दिसतं काय? सुकलंय. मग तो काय करतो? अजून पाणी घालतो. बरं, त्याच्या मनात वाईट काही नसतं, हीच तर पंचाईत.

उपाय एकच. झाड कुंडीतून उपटायचं, सडकी माती सगळी झाडून फेकायची, काळी मुळं कापायची, लहान कुंडीत कोरड्या भुसभुशीत मातीत लावायचं, कळ्या-फुलं खुडून टाकायची. आणि पाणी बंद.

मी नेहमीच्या सवयीने विचारलं, ‘‘पाणी कोण घालतं?’’

‘‘आई,’’ मानसी म्हणाली. ‘‘माझ्या सासूबाई. बाबा गेले सात महिन्यांपूर्वी, झाड त्यांचं होतं. चाळीच्या गॅलरीतून इकडे आणलेलं. आई कुणाला हात लावू देत नाहीत. आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात सुहासबरोबर. काका, त्या यायच्या आत करून टाका ना प्लीज. समोर असल्या की करूच देणार नाहीत.’’

मी म्हणायला हवं होतं, की त्यांना येऊ दे. म्हटलं नाही. त्या दिवशी मला दादरला अजून एक घर करायचं होतं आणि एक म्हातारी समजावत बसायचा कंटाळा आला होता. खरं कारण एवढंच.

तासाभरात झालं. मुळं तीन हिस्से गेली होती, एक हिस्सा पांढरी राहिली होती. तूस, कोकोपीट, जाडी रेती, विटांचा चुरा असं मिश्रण मी बरोबर नेतो, त्यात लावलं. जुनी माती कसली, घाणच ती, गोणीत भरून दाराबाहेर ठेवली. हाऊसकीपिंगचा माणूस आला आणि गोणी घेऊन गेला. मी हात धुतले. मानसीने चहा टाकला.

तेवढ्यात सावंतवहिनी आल्या. बारीक, पांढरी साडी नाही, साधीच निळी, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगा सुहास त्यांना खाली सोडून ऑफिसला गेला होता. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे बघितलं. छोटी कुंडी, कळ्या खुडलेलं झाड. मला वाटलं, आता ओरडतील. मी आपलं सुरू केलं, ‘‘वहिनी, झाड वाचवायचं तर...’’

‘‘माती खंय?’’ त्या म्हणाल्या.

मी मालवणचा, त्यामुळे ती भाषा ऐकून मला उलट बरं वाटलं. हसून म्हटलं, ‘‘फेकली. कुसकी होती सगळी.’’

 वहिनी उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या, भिंतीला धरून. मानसी धावली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या : ‘‘ह्या काय केलंस रे तू? ते होते तेच्यात.’’

मला आधी कळलंच नाही. मानसीला माझ्या आधी कळलं. तिचा चेहरा बघून मला कळलं.

अस्थी घरात आणत नाहीत, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. विसर्जनाला निघायचं त्या सकाळी सुहासने अस्थींचं गाठोडं खाली गाडीत ठेवलं होतं आणि तो कपडे बदलायला वर आला होता. वहिनी म्हणाल्या, मी खाली जाऊन त्यांच्यापाशी बसते जरा. बसल्या. आणि बरोबर नेलेल्या कुंकवाच्या करंड्यात एक मूठ राख काढून घेतली. वर येऊन अनंताच्या कुंडीत कालवली. सात महिने कुणाला पत्ता नाही. पोटच्या मुलालाही सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, आई, असं करत नाहीत.

आणि मी ती ‘घाण’ म्हणून गोणीत भरली होती. आधी तिला नावं ठेवली होती, तीही सुनेसमोर.

आयुष्यात मी फार कमी वेळा धावलोय. त्या दिवशी लिफ्टपर्यंत धावलो, मानसी मागोमाग. खाली कचऱ्याच्या खोलीत गेलो. ओला कचरा, सुका कचरा, कुणाच्या तरी बाथरूमच्या फोडलेल्या लाद्या. गोणी सापडली. रिकामी.  हाऊसकीपिंगच्या माणसाला गाठलं, तो बिचारा अभिमानाने म्हणाला, ‘‘मिट्टी अच्छी थी काका, फेकने का दिल नहीं किया. उधर गार्डन में डाल दिया.’’

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, सोसायटीची बाग आहे. तिथे चाफ्याच्या बुंध्याशी तो काळा गोळा पडलेला होता. आमचं नशीब, की माती इतकी ओली होती की कुंडीचा आकार धरून राहिली होती, पसरली नव्हती. वळलो तर वहिनी मागे उभ्या. दुसऱ्या लिफ्टने आल्या होत्या, अनवाणी. तिघांनी मिळून हातांनी माती गोळा केली. बाकावर बसलेल्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, ‘‘काही सोन्याचं हरवलंय का?’’ 

वर आल्यावर वहिनींनी ती गोणी पोटाशी धरली आणि सोडेचनात. मी पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, ही माती तशीच परत घातली तर झाड चार दिवसांत जाईल. मला आठ दिवस द्या. आमच्या गच्चीवर कडक उन्हात पसरतो, बुरशी मरेल, मग तुमच्या हाताने परत घाला. त्या म्हणाल्या, ‘‘शपथ घे.’’ घेतली. त्या आठ दिवसांत मी बायकोला गच्चीवर पापड घालू दिले नाहीत. तिने का म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, तर ती रोज संध्याकाळी तिथे उदबत्ती लावून यायला लागली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी निघताना मी माझं शेवटचं वाक्य बोललो, जे मी प्रत्येक घरात बोलतो : ‘‘आता दहा दिवस पाणी बंद. कितीही सुकलेलं दिसलं तरी एक थेंब द्यायचा नाही.’’

वहिनींनी माझ्याकडे जे बघितलं, ते मातीच्या वेळेपेक्षा वाईट होतं.

‘‘तो डॉक्टर पण असाच सांगी होतो,’’ त्या म्हणाल्या.

मानसी उठून आत गेली. वहिनींनी मग सांगितलं, अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं. सावंतांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी मोजून दिलंत तर जगतील, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगायचा. पाणी प्यायला बंदी, म्हणजे दिवसाचं मोजून एक बाटली, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या. उन्हाळ्याचे दिवस. आयुष्यभर छापखान्यात बाइंडिंगचं काम केलेला माणूस, कधी कुणाकडे काही मागितलं नाही, तो लहान पोरासारखा पाणी मागायचा. बाटली वहिनींच्या ताब्यात. रात्री त्या ती उशीखाली ठेवून झोपत. एकदा ते मोरीतल्या बादलीत पेला बुडवताना सापडले, तर वहिनींनी हातातून पेला हिसकावून घेतला. नवऱ्याच्या हातातून.

‘‘शेवटच्या दिवशी सकाळपासून एकच. इंदू, घोटभर दी. घोटभर दी. बाटली संपलेली. मी म्हटलं, संध्याकाळी देतंय, जरा दम धरा. दुपारी गेले.’’ त्या पुन्हा म्हणाल्या, ‘‘मी देऊक नाय रे. घोटभर मागितल्यानी, मी देऊक नाय.’’

मी इतकी वर्षं लोकांच्या घरात जातो. लोक झाडाबद्दल बोलता बोलता काय काय सांगतात, मला सवय आहे.  दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वहिनी, तुमचा दोष नाही, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच केलंत. ते त्यांना शंभर जणांनी सांगितलं असणार. मला आठवत होता तो कुंडीत बोट घातल्यावरचा आवाज. सात महिने ही बाई रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ तिथे पाणी ओतत होती. आणि त्यानेच झाड मरत होतं. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

‘‘आणि आता ह्या पण गेला तर?’’ त्यांनी झाडाकडे बोट केलं. ‘‘तू सांग. पाणी नाय दिलंय आणि ह्या गेला तर मी काय करू?’’

आमच्या धंद्यात इतकी मुळं गेलेला अनंत जगेल की मरेल, हे कुणी सांगू शकत नाही. मी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो, तोंडावर. नर्सरीत असतानाही त्यासाठी मालकाच्या शिव्या खाल्ल्यात. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, ‘‘जगतला, वहिनी. मी सांगतंय ना.’’

खोटं बोललो. मला काहीच माहीत नव्हतं.

पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी फोन : ‘‘चार पानं पडली.’’ चौथ्या दिवशी : ‘‘सगळी मान टाकलीत. पाणी मागता तां.’’ मी जेवणावरून उठून करी रोडला गेलो. माझ्यासाठी सुकलेलं झाड म्हणजे सुकलेलं झाड. त्या दिवशी मला ते बघवेना. वहिनी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मानसी म्हणाली, सकाळपासून अशाच बसल्यात, हात मोकळे ठेवत नाहीत.

त्यांना काहीतरी करायला द्यायला हवं होतं. म्हटलं, ‘‘वहिनी, ओल्या कापसाने पानं पुसा. हलक्या हाताने. तेवढं चालेल.’’

त्यांनी दचकून बघितलं. ‘‘कापसान?’’

‘‘हो. का?’’

‘‘नर्सान पण तसाच सांगितला होता. ओठ पुसूक.’’

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. मी काहीही सांगायला जावं, तिथे सावंत आधीच मरून पडलेले.  वहिनी उठल्या, कापूस आणला, पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि एकेक पान पुसायला बसल्या. पिळताना एक थेंब कुंडीत पडला तर मला दाखवून म्हणाल्या, ‘‘चुकान पडलो हां.’’

आठव्या दिवशी मी माती घेऊन गेलो, वाळवून, चाळून, पिठासारखी झालेली. वहिनींनी देव्हाऱ्यापुढे ठेवली, मग ओंजळभर घेऊन कुंडीत घातली. बाकीची सुहास गावी घेऊन जाणार होता, घराच्या मागच्या परड्यात घालायला. त्याला सगळं सांगून झालं होतं. तो आईला काही बोलला नाही. मला मात्र दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, ‘‘काका, हे झाड जाता कामा नये.’’ जणू माझ्या हातात होतं.

त्या दिवशी झाडावर सहा पानं उरली होती.

अकराव्या दिवशी गेलो ते मनाची तयारी करून. घरून निघताना बायकोला सांगून निघालो, आज बहुतेक झाड गेल्याची खबर द्यायची आहे. वहिनींनी दार उघडलं. मी कुंडी उजेडात ओढली आणि नखाने खोडावरची साल जरा खरवडली. ही आमची शेवटची परीक्षा. खाली तपकिरी निघालं, तर संपलं.

हिरवं निघालं. ओलं, लख्ख हिरवं. आणि खालच्या गळलेल्या पानाच्या बेचक्यात बारीक, मोहरीएवढं एक पोपटी टोक वर आलेलं. माझा विश्वास बसेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

‘‘वहिनी! फूट आली!’’ मी ओरडलोच. ‘‘जगलं! आईशप्पथ जगलं!’’

मानसी आतून पळत आली, तिने टाळ्या वाजवल्या, सुहासला फोन लावला. मी वेड्यासारखा हसत होतो. वहिनी हसल्या नाहीत. त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्या पोपटी ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

‘‘म्हणजे पाणी नाय दिला, म्हणान जगला?’’

‘‘होय वहिनी.’’

‘‘मी पण नाय दिलंय. मग ते कित्याक जगले नाय?’’

माझं हसू तोंडावरच राहिलं. पानावर डाग पडला तर मी त्याचं कारण सांगू शकतो. कळी का गळली, फूल लहान का आलं, सगळं सांगतो, लोकांनी विचारलं नाही तरी सांगतो. मी तिथेच फरशीवर त्यांच्या समोर बसलो.

‘‘माका म्हायत नाय, वहिनी.’’

‘‘आणि ह्या जगतला म्हणालंस, तां तरी तुका म्हायत होता?’’

खोटं बोलायची ताकद नव्हती. ‘‘नाय. तां पण म्हायत नाय होता. उगाच बोललंय.’’

मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढणार. मानसीही फोन कानाला तसाच धरून उभी. वहिनींनी पदराने तोंड पुसलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, असं मानसी नंतर म्हणाली, त्या मोठ्याने रडल्या.

‘‘एवढाच,’’ त्या म्हणाल्या, ‘‘एवढाच त्या डॉक्टरान तेव्हा माका सांगूक व्हया होता रे, भावा. म्हायत नाय म्हणान. मी तेंका घोटभर दिलंय असतंय.’’